‘बघू की, देतो करून’ म्हणता म्हणता बावीस महिने

खानापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. 2009 सालची पेट्रोल गाडी, रेडिएटरचा पंखा फिरेना म्हणून बेळगावात उद्यमबागेतल्या एका गॅरेजात दिली. मेकॅनिकनं रिले, सेन्सर काही न तपासता पंखा ‘डायरेक्ट’ केला, म्हणजे थेट बॅटरीला जोडला, आणि डॅशबोर्डखाली एक स्विच बसवून दिला. महिन्याभरानं गोव्यातल्या साखळीहून परतताना चोर्ला घाटात वायरिंग जळली, पंखा थांबला, इंजिन तापलं, हेड गॅस्केट (इंजिनातलं सील) गेली. गाडी पुन्हा त्याच गॅरेजात. मालक म्हणाले, “बघू की, देतो करून.” आता ते 41 हजार मागतात आणि पैसे मिळेपर्यंत गाडी सोडत नाहीत. अशी पत्रं निपाणीहून येतात, चंदगडहून येतात. फक्त गाडीचं नाव बदलतं.

चूक कुणाची, हा प्रश्न आज बाजूला ठेवा. आधी तारीख बघा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमचे बावीस महिने गेलेत. मुदत पंखा डायरेक्ट केला त्या दिवसापासून धरायची की वायरिंग जळली त्या दिवसापासून, यावर वाद घालता येईल. पण तो वाद मुदत हुकल्यावर घालायचा असतो. तुम्ही पहिलीच तारीख धरा. मालकाच्या तोंडी आश्वासनांनी मुदत वाढत नाही. नोटीस पाठवून उत्तराची वाट बघितली तरी वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, मात्र सबळ कारण लागतं. ‘ओळखीचा माणूस होता’ हे सबळ कारण नव्हे. इतके दिवस काय करत होता, हे मी विचारत नाही. समोरचा वकील विचारेलच.

तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात चालेल. (गॅरेज कोल्हापूरचं असतं तरी चाललं असतं; 2019 च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथे दाद मागता येते.) पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मराठी संदेशांना कानडी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा.

गाडी अडवण्याबद्दल. करार कायद्याचं कलम 170 कारागिराला केलेल्या कामाच्या मजुरीपुरती वस्तू ठेवून घ्यायचा हक्क देतं. 41 हजारांचं काम झालंय की व्हायचंय, हे तुम्ही लिहिलेलंच नाही! व्हायचं असेल तर अडवायला आधार दिसत नाही. झालं असेल, तर ‘हरकत राखून’ असं पावतीवर लिहून पैसे भरणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. बिल पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मात्र मोलाचा आहे. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारांचा पीळ, भोवती वितळलेलं काळं प्लॅस्टिक. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि वायरिंग वाचली असती, हे कुठलाही जाणकार सांगेल. तेच लेखी हवं: दुसऱ्या मेकॅनिकचा किंवा गाडीचं नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल, प्रतिज्ञापत्रासह. समोरून एकच बचाव येईल, घाटात तुम्ही स्विच लावायला विसरलात. तेव्हा शेजारच्या सीटवर कोण होतं? त्यांचंही प्रतिज्ञापत्र घ्या.

ग्राहक कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. ते वाचून, तुम्ही लिहिलंय तसं मुलीच्या लग्नाला गाडी मिळेल असं धरू नका. आमच्याकडे तारखेवर तारीख पडते.

या आठवड्यात कागद घेऊन एखाद्या वकिलाला गाठा, नाहीतर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर तक्रार स्वतः दाखल करा. तक्रारीसोबतच गाडी आहे त्या स्थितीत ठेवण्यासाठी ग्राहक कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम (निकालापर्यंतच्या आदेशाचा) अर्ज द्या. तो फ्यूज बॉक्स गॅरेजवाल्यांनी ‘फुकटात बदलून देतो’ म्हटलं, तर नको म्हणा.