बडोद्याहून अमेरिकेला निघताना: ग्लोबल एन्ट्रीचा अर्ज कशाने नाकारला जातो

तुमचा प्रश्न असा: एल-१ व्हिसावर (कंपनी आपल्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदली करते तेव्हाचा) तीन महिन्यांत न्यू जर्सीला निघायचंय, सोबत पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी आहे. ऑफिसातल्या एकाला ग्लोबल एन्ट्री (आधी तपासणी झालेल्या प्रवाशांना अमेरिकेत उतरल्यावर लवकर आत सोडणारी तिथल्या सरकारची योजना) नाकारली, तेव्हा अर्ज आत्ताच करावा की तिथे पोहोचल्यावर?

आधी नकाराची कारणं बघू. गुन्ह्यात शिक्षा, चालू खटला किंवा तपास, कुठल्याही देशाच्या कस्टम्स, इमिग्रेशन किंवा शेतमालाच्या नियमांचा भंग, अमेरिकेत प्रवेशाची अपात्रता (तिला माफी मिळालेली असली तरीही), आणि अर्जात खोटी किंवा अपुरी माहिती.

बडोदेकरांनी पहिल्या कारणापाशी जरा थांबावं. कॉलेजात असताना गुजरातच्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(१)(ब) खाली (दारू पिणं किंवा बाळगणं) पकडले गेले, कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि विषय संपला असं घरात सगळे धरून चालतात. कबुली देऊन भरलेला दंड ही शिक्षाच असते. अर्जातल्या शिक्षेबद्दलच्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं, तर जुन्या किरकोळ केसच्या जागी खोटं बोलल्याचा ठपका येतो आणि तो जास्त महागात पडतो. शिवाय व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटकेबद्दलही विचारलेलं असतं. तिथे एक आणि इथे दुसरं असं उत्तर नको. कोर्टाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, पोलिसांनी ‘सी समरी’ (केस बंद करण्याचा अहवाल) भरली असेल तर तो आदेश घ्या, आणि गुजराती कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा. खरं लिहूनही नकार येऊ शकतो, पण मग पुनर्विचार मागायला हातात काहीतरी असतं.

कस्टम्सचं कारण लोक विसरतात. अहमदाबादला उतरताना न दाखवलेलं सोनं, किंवा अमेरिकेत बॅगेत न सांगता नेलेले आंबे, कढीपत्ता, बिया: दोन्ही नोंदी मोजल्या जातात. लिलो चिवडा, भाकरवडी खुशाल न्या, पण खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारल्यावर ‘हो’ म्हणा.

बाकी अर्ज अडकतात ते जुळत नसलेल्या तपशिलांवर. मागच्या पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि भेट दिलेले देश मागतात. दोन नोकऱ्यांमधला रिकामा काळही भरायचा, महिना सोडायचा नाही. पत्नीचं माहेरचं नाव जुन्या कागदांवर असेल तर ते ‘इतर नावे’ या रकान्यात टाका. मधलं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, जन्मस्थळही तसंच. तिथे ‘बरोडा’ असेल तर ‘बरोडा’.

भारतीय नागरिकांची भारतातही पडताळणी होते. त्यासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर वेगळा अर्ज असतो, त्याची फी वेगळी, आणि पोलीस घरी येतात. घराला कुलूप दिसलं की रिपोर्ट उलटा जातो. म्हणून माझं मत असं: आई-वडील त्याच पत्त्यावर राहणार असतील तर आत्ताच करा. फ्लॅट रिकामा करणार असाल तर घाई नको. तिथे स्थिर झाल्यावर भारतीय दूतावासाच्या सेवा केंद्रातून पडताळणी करता येते.

फी १२० डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा; पालक सदस्य किंवा अर्जदार असतील तर १८ वर्षांखालील मुलांना फी नाही. सशर्त मंजुरीनंतर मुलाखतीसाठी ७३० दिवस मिळतात. निघण्याआधी ती मंजुरी आली, तर नेवार्क किंवा जेएफकेला उतरल्यावर अपॉइंटमेंटशिवाय मुलाखत होते. पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नको.

नकाराचं पत्र ज्या ऑनलाइन खात्यातून अर्ज केला, त्यातच येतं. त्यातलं कारण नीट वाचून, नेमके तेवढेच कागद जोडून त्याच खात्यातून पुनर्विचार मागा. कारण न मिटवता पुन्हा अर्ज केला तर फक्त फी जाते.

आपल्या सरकारच्या एफटीआय-टीटीपीचा (भारतातल्या विमानतळांवर इमिग्रेशन लवकर उरकणारी अशीच योजना) अर्ज मात्र आजच भरा. १६ जानेवारी २०२५ पासून ही योजना अहमदाबाद विमानतळावरही आहे आणि सुरू झाली तेव्हा तिला फी नव्हती. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सदस्यत्व पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतं. त्यामुळे पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करून घ्या.