फायरवॉलमध्ये सगळीकडे आयपीच आयपी, नावं कशी द्यायची?

प्रश्न: आमच्या ऑफिसचं नेटवर्क मी एकटाच बघतो. आधीच्या माणसाने फायरवॉलमध्ये (कुठलं मशीन कुणाशी बोलू शकतं ते ठरवणारं) दीडेकशे रूल करून ठेवलेत आणि सगळ्यात नुसते आयपी, म्हणजे मशीनचे आकडी पत्ते. मागच्या महिन्यात बॅकअप सर्व्हर नव्या मशीनवर नेला, १९२.१६८.१०.२५ चा १९२.१६८.१०.४० झाला, अकरा रूलमध्ये बदलला आणि एक राहून गेला, चार दिवस एका मशीनचा बॅकअपच झाला नाही नि कुणाला पत्ताही नाही. आता सगळे म्हणतात एलियस कर. त्याने फायरवॉल स्लो होतं का? आणि आयपीच्या जागी सरळ डोमेन नेम टाकलं तर?

उत्तर: बॅकअप बुडाला हे तुम्हाला दिसलं तरी, न दिसलेली गोष्ट जास्त वाईट आहे. तो राहिलेला रूल अजून १०.२५ ला आत सोडतोय, उद्या डीएचसीपीने (मशीनना आपोआप आयपी वाटणारी सोय) तो आयपी कुणाच्या लॅपटॉपला दिला की बॅकअप सर्व्हरचे त्या रूलमधले हक्क त्या लॅपटॉपला, फुकटात. त्यामुळे आधी तो रूल शोधा, बाकीचं नंतर वाचा.

एलियस म्हणजे आयपींच्या गठ्ठ्याला दिलेलं नाव, बस. प्रत्येक फायरवॉलमध्ये त्याला वेगळं नाव: पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये एलियस, फोर्टिगेटमध्ये ॲड्रेस ऑब्जेक्ट, सिस्कोत ऑब्जेक्ट ग्रुप, लिनक्सच्या एनएफटेबल्समध्ये सेट, जुनं आयपीटेबल्स असेल तर सोबत आयपीसेट. रूलमध्ये "१०.२५ कडून २०.०/२४ ला पोर्ट २२ अलाऊ" वाचताना डोकं खाजवावं लागतं, तेच "बॅकअप_सर्व्हर कडून वेब_सर्व्हर्स ला एसएसएच अलाऊ" लिहिलेलं असलं (एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन) की नवा माणूसही समजतो. आयपी बदलला की एकाच जागी बदलायचा.

स्लो व्हायचा प्रश्नच नाही, उलट पाचशे आयपींसाठी पाचशे रूल एकेक करून तपासण्यापेक्षा एका टेबलात बघणं कितीतरी स्वस्त. ओपनबीएसडी सिस्टीमच्या पीएफ या फायरवॉलमध्ये तर ५० पत्त्यांचं टेबल आणि ५०,००० चं टेबल, शोधायच्या वेळात फरक थोडकाच.

नाव मात्र कामावरून द्या. 'सर्व्हर_१०_२५' असं नाव मी स्वतः दिलेलं आहे, आयपी बदलल्यावर ते नाव वर्षभर खोटं बोलत बसलं. पीएफसेन्समध्ये नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात, स्पेस किंवा डॅश नाही. आणि आज दोन ग्रुपमध्ये तीच दोन मशीन आहेत म्हणून एकाच एलियसवर भागवू नका. अकाउंट्सचे पीसी आणि ॲडमिनचे पीसी आज तेच असतील, पण उद्या कुणी अकाउंट्सचा तिसरा पीसी त्यात टाकला की त्याला फायरवॉलचं लॉगिन पेजसुद्धा उघडेल!

डोमेन नेमचं जरा जपून. आयपीटेबल्सच्या रूलमध्ये नाव लिहिलं तर ते रूल लोड होताना एकदाच रिझॉल्व्ह होतं (म्हणजे त्या नावाचा आयपी शोधला जातो), पुढे आयपी बदलला तरी त्याला खबर नाही. पीएफसेन्स डीफॉल्ट दर ५ मिनिटांनी परत विचारतं, ते बरं, पण मोठ्या साइट्स प्रत्येकाला वेगवेगळे आयपी देतात, म्हणजे फायरवॉलला एक मिळाला आणि युजरच्या पीसीला दुसराच, मग "कधी चालतं कधी नाही" अशा तक्रारी सुरू. स्वतःच्या सर्व्हरला नाव खुशाल वापरा, फक्त फायरवॉल आणि पीसी दोघं एकाच डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतायत ना ते बघा. डीएनएस बंद असताना फायरवॉल रीबूट झालं तर एलियस रिकामा राहू शकतो. रिकाम्या एलियसवरचा ब्लॉक रूल काहीच अडवत नाही. "या एलियसमध्ये नाहीत ते सगळे अलाऊ" असा उलटा रूल असेल तर मग विचारूच नका, सगळ्यांनाच दार उघडं.

दीडशे रूल एका रात्रीत बदलायला जाऊ नका. कॉन्फिगचा बॅकअप घ्या, सगळ्यात जास्त वेळा येणारा आयपी शोधा (तुमच्याकडे तो बॅकअप सर्व्हरच निघेल बहुतेक), त्याचा एलियस करा, त्याचे सगळे रूल बदला, दोन दिवस हिट काउंटर (रूल किती वेळा लागला तो आकडा) बघा, मग पुढचा. एलियसमधून आयपी काढला आणि तरी ते मशीन आरामात चालूच दिसलं तर घाबरू नका, आधीपासून जोडलेली कनेक्शन्स स्टेट टेबलमध्ये (चालू कनेक्शन्सची यादी) जिवंत असतात, त्या आयपीच्या स्टेट्स म्हणजे त्या नोंदी मारा आणि मग टेस्ट करा.