ग्रामसभेची नोटीस ग्रुपवर आली म्हणजे मिळाली का?

प्रश्न : आमच्या गावात 1,800 मतदार आहेत. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेचा मेसेज आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला. सासूबाईंकडे साधा फोन, त्यांना कळलंच नाही. पंचवीसेक माणसं जमली म्हणून सभा तहकूब झाली. आठ दिवसांनी पुन्हा लागली तेव्हा तर अठराच होती, तरी ठराव झाले. आमच्या वस्तीची पाइपलाइन मागे राहिली आणि एका सदस्याच्या दारातले पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. हे नियमात बसतं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मी एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच.) तेव्हा तुमच्या पत्रातली अर्धी लबाडी मला आतून माहीत आहे.

आधी नोटिशीचं. नियमित ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी निघायला हवी, ती फलकावर लागायला हवी आणि दवंडीही द्यायला हवी. ग्रुपवर टाकायला हरकत नाही, पण ते वरचं काम. माझ्या पहिल्या गावात कोतवाल हलगी घेऊन पार धनगरवाड्यापर्यंत जायचा. विषय सांगताना घोळ घालायचा, ‘घरकुल’ म्हणायच्या जागी ‘गुरंढोरं’ म्हणायचा, पण सभा आहे एवढं म्हातारीकोतारीलासुद्धा कळायचं.

आता गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. तुमच्याकडे 15 टक्के म्हणजे 270, म्हणून तुम्हाला शंभर माणसं पुरतात. पंचवीस जणांवर सभा तहकूब केली ते बरोबरच. गोम पुढे आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही, अठरा जणांतही ठराव होतो. हे ठाऊक असलेला सरपंच पहिल्या सभेला माणसं जमावीत म्हणून कशाला धडपडेल? मात्र अशा सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही. पेव्हर ब्लॉक 15 ऑगस्टच्या विषयपत्रिकेवर होते का, एवढंच शोधा. नसतील तर तो ठराव कच्चा आहे. गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

शोधायचं कसं? माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नोटीस, विषयपत्रिका, हजेरीवही आणि दोन्ही सभांचं प्रोसिडिंग (सभेत काय झालं त्याची लेखी नोंद), एवढ्याच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. हजेरीवही नीट बघा. सांगायला लाज वाटते, पण एकदा तपासणी तोंडावर होती म्हणून मीच शिपायाला वही घेऊन घरोघर पाठवलं होतं. एका बाईंनी सही केली आणि विचारलं, “भाऊसाहेब, सभा कधी आहे?” सभा होऊन बारा दिवस झाले होते.

पाइपलाइनसाठी पुढच्या सभेची वाट बघत बसू नका. विषय आत्ताच लेखी द्या, वस्तीतल्या पाच-पन्नास सह्यांसह. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती बहुतेक गावांत कागदावरच होते, तुम्ही ती खरोखर भरवायला लावा आणि पाण्याचा ठराव तिथून वर पाठवा. सासूबाईंना सोबत न्या, त्यांच्या वयाची माणसं बोलू लागली की मधे तोडायला सदस्य कचरतात. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर बंधित निधीचं विचारा. पंधराव्या वित्त आयोगाने गावाला दिलेल्या रकमेतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवलेला होता. तो कुठे लागला, याचा हिशेब गावाला मागता येतो.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. सबळ कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचं पदही जाऊ शकतं. पण ते हत्यार सुरुवातीलाच उपसू नका, गावात राहायचंय तुम्हाला.

आणखी एक. अर्ज दिल्यावर “प्रोसिडिंग अजून लिहून व्हायचंय” असं उत्तर मिळेल. ते ज्या दिवशी मिळेल ती तारीख वहीत टिपून ठेवा. मी स्वतः हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतही बिनचूक म्हणेन.