आत जाणं आणि पार जाणं

प्रिय,

तू पाठवलेली चित्रं नीट पाहिली. एंडोथेलियल पेशींमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये, हिरवे ठिपके (रंगद्रव्य लावलेले तुझे औषधवाहू नॅनोकण) भरपूर आहेत आणि खाली तू लिहिलं आहेस, ‘कणांनी अस्तर ओलांडलं.’ तसं या चित्रांवरून म्हणता येणार नाही. कण आत शिरलेत, एवढंच कळतं. पेशीने गिळलेला कण लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचन करणाऱ्या पिशवीत, जाऊन नष्ट होऊ शकतो, आला त्याच बाजूने रक्तात परत जाऊ शकतो किंवा पलीकडे ऊतीत उतरू शकतो. रुग्णाच्या कामाचा यातला फक्त शेवटचा.

म्हणून कण जास्तीत जास्त चिकटावेत हा तुझा हट्ट मला पटत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरच्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरला (लोह वाहणारं प्रथिन पकडून पेशीत घेणाऱ्या रेणूला) घट्ट धरणाऱ्या अँटीबॉडीपेक्षा सैल धरणारी मेंदूत जास्त पोहोचते, हे जेनेन्टेक या औषध कंपनीच्या संशोधकांनी 2011 मध्ये उंदरांत दाखवलं. घट्ट धरलेली अस्तरातच अडकून राहते. चिकटणं जितकं महत्त्वाचं, तितकंच योग्य वेळी सुटणंही.

कर्करोगाच्या गाठींबद्दलही एक सांगतो. तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि कण फटींतून झिरपतात, ही समजूत 1986 पासून रुजली. 2020 मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने वेगळंच मांडलं: त्यांच्या प्रयोगांत फटी विरळ निघाल्या आणि 97 टक्क्यांपर्यंत कण अस्तराच्या पेशींच्या सक्रिय मार्गाने आत गेले होते. त्यांनी अशा उंदरांशीही तुलना केली, ज्यांच्या पेशी रसायनाने जागीच स्थिर केल्या होत्या. त्यांच्यात फक्त फटींतून जाणंच शक्य होतं. असा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, सुचणं मला निकालाइतकंच मोलाचं वाटतं.

आता तुझं ट्रान्सवेल, म्हणजे सच्छिद्र पडद्यावर पेशींचा थर वाढवलेलं, वर-खाली दोन कप्प्यांचं भांडं. पेशींना वरून कण दे, थोड्या वेळाने धुऊन टाक, ताजं माध्यम घाल आणि मग वर किती, खाली किती, पेशींत किती, तिन्ही मोज. एक संच 4 अंशांवर ठेव. थंडीत पेशी गिळणं जवळजवळ थांबवतात, तरीही कण खाली आले तर थर गळतोय. पेशींशिवाय नुसता पडदाही तपास, कारण त्याच्या छिद्रांत कण अडकतात आणि तो दोष पेशींवर जातो.

खालच्या माध्यमात हिरवा रंग दिसला तरी थांब. रंगद्रव्य कणापासून सुटून एकटंच खाली येऊ शकतं. तो रंग अजून कणावरच आहे का, हे आधी तपास आणि मगच पुढचा आलेख काढ.