परदेशातील पगार आणि आर्थिक स्वातंत्र्य

प्रश्न : परदेशात मला सध्याच्या तिप्पट पगार मिळणार आहे. दहा वर्षे तेथे काढल्यास आर्थिक स्वातंत्र्य मिळेल का?

उत्तर : आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे पगाराविना, साठवलेल्या पुंजीवर जगता येणे. ते मिळेल का, हे पगारावर नव्हे, तर कर, घरभाडे आणि विमा वजा जाता उरणाऱ्या रकमेवर ठरेल. आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून दाखवले की, निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतील ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पुंजी ३० वर्षे टिकली असती. म्हणजेच वार्षिक खर्चाच्या सुमारे २५ पट रक्कम हाताशी हवी. (अन्य देशांत किंवा अधिक काळासाठी ती अपुरी पडू शकते.) यातील मेख अशी की, गुणाकार खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. पगारासोबत राहणीमानही तिप्पट झाले, तर गाठायची रक्कमही तिप्पट होते. शिवाय वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असेल, तर नोकरी जाताच देश सोडावा लागू शकतो. याला मी तरी स्वातंत्र्य म्हणणार नाही. तेथे भरलेले निवृत्तिवेतनाचे हप्ते परतताना मिळतात का, हे करारावर सही करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.