पक्षी बघायला जरा महागातली दुर्बीण घेतली तर ती किती वर्षं आवडते? की दोन वर्षांनी दुसरी घ्यावीशी वाटतेच?

माझी निकॉनची मोनार्क आहे, ८×४२ (म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची), २०१४ साली घेतलेली, म्हणजे दहा वर्षं कधीच उलटून गेली आणि अजून बदलावीशी वाटलेली नाही. पण तुमची ती "दोन वर्षांनी" वाली भीती ओळखीची आहे, कारण हिच्याआधी मी दोनदा पैसे घालवलेत.

पहिली रस्त्यावर मिळते तसली, पुढच्या काचा लालभडक आणि वर ९० पट झूम लिहिलेलं. तिच्यातून सगळं निळसर-हिरवट दिसायचं, हळद्यासुद्धा पिवळा दिसेना. दुसरी खरंच बरी होती पण वॉटरप्रूफ नव्हती, आमचं गाव चिपळूणजवळ, तिथे एक पावसाळा रेक्झिनच्या केसमध्ये कपाटात राहिली आणि गणपतीत काढून बघतो तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चूक माझीच.

म्हणून तिसऱ्या वेळी वॉटरप्रूफ आणि आत बाष्प धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली एवढं पक्कं ठरवून गेलो. दुकानदार १०×४२ घ्या म्हणून मागे लागला होता, जास्त जवळ दिसतं म्हणे, दिसतं पण हाताची थरथर पण तेवढीच जवळ येते ना. भिगवणला मित्राची १० ची घेऊन नावेत बसलो होतो, समोर पट्टकदंबांचा थवा, आणि नाव हलली की डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे नुसते नाचत होते, माझ्या ८ मधून आरामात मोजता आले. शिवाय ८ मधून दृश्य रुंद दिसतं, झाडीत पक्षी पटकन सापडतो, आणि ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, १० ला तोच ४.२, पहाटे जंगलात हा फरक कळतो.

पण खरं सांगायचं तर हे आकडे आता माझ्या डोक्यातही नसतात. आवडते ती हाताला बसलीय म्हणून. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत स्वर्गीय नर्तक एका फांदीवर जेमतेम दोन सेकंद बसतो, तेवढ्यात नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण वर येते आणि बोट फोकसच्या चाकावर गेलेलं असतं, कुठल्या बाजूला फिरवायचं हा विचारच करावा लागत नाही. हे यायला मला पहिली दोन वर्षं लागली, आणि लोक नेमकी तेव्हाच दुर्बीण बदलतात! उजव्या अंगठ्याखालचं रबर घासून गुळगुळीत झालंय, पुढचं एक झाकण ताम्हिणीत कुठेतरी पडलं, गळ्यातला पट्टा काढून खांद्यावरून घ्यायचा हार्नेस लावलाय कारण मान धरायची.

मन चळत नाही असं नाही हं. एकदा संध्याकाळी एकांची स्वारोव्स्की कंपनीची दुर्बीण डोळ्याला लावली, अंधारातल्या रातव्याच्या पिसांवरची नक्षी दिसली, दोन दिवस काही सुचलं नाही. मग किंमत आठवली.

आणि एक, कोणाला बघायला दिली की ते उजव्या डोळ्याची रिंग (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची) फिरवून ठेवतात, मग आपल्याला वाटतं दुर्बीण बिघडली. उजवीकडची काच झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग डावीकडची झाकून उजव्यासाठी फक्त ती रिंग फिरवा, तुमचा आकडा लक्षात ठेवा. माझा चाळिशीनंतर एक खूण सरकला. काच शर्टाने पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा. पावसाळ्यात मी सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, बायको त्याला लोणच्याचा डबा म्हणते (होताच तो).

तुम्ही चष्मा लावता का ते लिहिलं नाहीत. लावत असाल तर आय रिलीफ (डोळा काचेपासून जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) किमान १५ मिलिमीटर, जास्त असेल तर उत्तमच, आणि दुकानात आयकप (डोळ्याला टेकते ती रबरी कड) खाली करून चष्म्यासकट बघा, कडेने काळं गोल दिसायला लागलं तर ती घेऊच नका, कितीही भारी असू दे.