मनीला आधी घरी आणा

सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. सूत रंगवण्याचा कारखाना, एकुलती एक मुलगी. तिने नीटची परीक्षा दोनदा दिली. आधी 362, यंदा 431. एमबीबीएससाठी तिसऱ्यांदा बसवायचा वडिलांचा विचार पक्का आहे. मुलगी म्हणते, मांजराच्या रक्तातून रोगप्रतिकारक पेशी वाढवून उपचार करतात, मला ते काम करायचंय. ‘हे खूळ कसं काढावं? आम्ही माळकरी. औषधासाठी मांजरं मारणं आमच्यात बसत नाही. शिवाय गुरांच्या डॉक्टरणीला स्थळ कोण देणार?’ आणि शेवटी, जाता जाता: ‘अभ्यासात लक्ष लागावं म्हणून मनी मांजर अक्कलकोटला तिच्या आत्याकडे पाठवली आहे.’

नमस्कार.

गुणांचं नंतर बोलू. ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मनीचं तोंड सारखं येतं, मुलगीच तिला औषध पाजते आणि त्यातूनच तिने हे सगळं वाचायला घेतलं, असं तुम्हीच लिहिलंय. दोन वर्षं क्लासच्या नोट्स पाठ करणाऱ्या पोरीला पहिल्यांदा स्वतःचा असा एक प्रश्न पडला, आणि तुम्ही तो पिशवीत घालून एसटीत बसवलात. वर ‘हल्ली ती फारशी बोलत नाही’ अशी तक्रारही आहे. कशी बोलेल? आजारी मांजर परक्या घरात खाणं टाकतं, हे तिला ठाऊक आहे. तिचं स्वतःचं जेवण, झोप बिघडली असेल, तर आधी चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तिथे माझं काम नाही. आणि स्थळ हा माझा विषय नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या करिअरच्या पत्रात तो तुमचाही नसावा.

आता मांजरं मारण्याचा गैरसमज. इथे कुणी मांजर मारत नाही. चार किलोच्या मांजरात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं थोडंसं काढायचं, पेशी बाहेर तयार करायच्या आणि बहुतेक वेळा त्याच मांजराला परत द्यायच्या. नळीत तळाला एक दाट द्रव घेतात, त्यावर अगदी हलक्या हाताने रक्ताचा थर सोडतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो आणि मधे कोवळ्या सायीसारखा पांढुरका पदर दिसतो. सगळा खेळ त्या पदराचा. त्यातल्या काही पेशी वाढवता येतात, काही घडवाव्या लागतात. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी प्लास्टिकच्या बशीला चिकटतात. त्यांना ठरावीक प्रथिनं दिली की आठवड्याभरात त्यांच्या डेंड्रिटिक पेशी होतात, म्हणजे बाकीच्या फौजेला शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या. 37 अंश तापमान, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. बशीतलं गुलाबी पाणी, म्हणजे पेशींचं खाद्य, पिवळं पडलं की आम्ल वाढलं. गढूळ झालं की जंतू शिरले, सगळं फेकून द्यायचं. सगळी हयात रंगाच्या टाकीशी काढलेल्या माणसाला हे मी वेगळं काय सांगावं!

खूळ म्हणाल, तर राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञाने 1973 साली या डेंड्रिटिक पेशी जगासमोर आणल्या आणि 2011 साली त्यांना नोबेल मिळालं. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून कर्करोगावर करायच्या कार-टी उपचाराला, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून उभ्या राहिलेल्या, आपल्याकडे 2023 मध्ये मंजुरी मिळाली.

बाळ, आता तुझ्याशी. मांजरांमध्ये हे अजून बरंचसं संशोधनाच्या पातळीवर आहे. पेशी ओळखायला वापरतात त्या, माणसासाठी केलेल्या अँटिबॉडी आणि किट मांजराच्या पेशींवर चालतीलच असं नाही, त्यामुळे पावलोपावली अडतं. शिकून बाहेर पडलीस की उद्या सोलापुरात हीच नोकरी, असं होणार नाही. आणि ही दोन वेगळी कामं आहेत, ती तू एकात कालवली आहेस. मनीच्या शिरेत सुई घालायची असेल तर नोंदणीकृत पशुवैद्यच हवा. त्यासाठी बीव्हीएस्सी ही पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. माफसूचे, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे, प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात, तेव्हा 431 वाया गेलेले नाहीत. उदगीर, शिरवळ धरून सगळे पर्याय भर. बशीतल्या पेशी सांभाळायच्या असतील, तर सोलापुरातच मायक्रोबायोलॉजीतून बीएस्सी, मग एमएस्सी आणि पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी पीएचडी. हा रस्ता लांबचा आणि बरीच वर्षं तुटपुंज्या फेलोशिपवरचा. नुसत्या बीएस्सी बायोटेकवर मोठं पॅकेज मिळतं असं सांगणाऱ्या जाहिराती मात्र रद्दीत टाक.

दोन्हीतलं कुठलं, हे मला पत्रावरून कळत नाही आणि तुम्हालाही घरात बसून कळणार नाही. साहेब, तिसऱ्या वर्षाची क्लासची फी भरण्याआधी तिला पंधरा दिवस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊ द्या. परवानगी मागायला तुम्ही स्वतः जा. बोकडाच्या गळवातला पू काढताना ती पुढे सरकते की मागे हटते, ते डॉक्टरांना विचारा. मागे हटली तरी बिघडत नाही, बशी आहेच.

आणि अक्कलकोट काही लांब नाही. या रविवारी तिला बरोबर घेऊन जा. पिशवी नको, झाकणाची टोपली न्या.